सत्तावन्न पायऱ्यांचं घर आणि तुमची बहीण

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून घालतो आहे म्हणून साष्टांग. प्रत्यक्षात एवढं खाली गेलो तर मला उठवायला दोन माणसं लागतात, हे तुम्ही मागच्या भेटीत पाहिलंच आहे.) तुमचं पत्र पोचलं. नव्या कवळीने बोलताना आता शिट्टी वाजत नाही हे वाचून बरं वाटलं. खोकल्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, त्याअर्थी खोकला आहे, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं. तरी खरं काय ते कळवावं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे ती ठीक आहे आणि मी हबकलेला आहे. गेले चार महिने एका धक्क्यातून सावरून चष्मा पुसतो न पुसतो तोच दुसरा येऊन आदळतो, अशी माझी गत आहे.

तुम्ही विचारलंत, "राहतं घर विकायचं मनात आहे. एजंट धरावा की आपलं आपणच विकावं? तुमचं नुकतंच विकलं गेलं, तर अनुभव दोन ओळींत कळवा." दादा, दोन ओळींत मावणारा अनुभव असता तर मी पोस्टकार्ड टाकलं असतं. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, तुम्हाला सगळं उत्तराच्या चौकटीत लागतं. पण या उदाहरणात रीतच भलती आहे. तेव्हा जरा टेकून बसा आणि वाचा.

घर विकायचं ठरलं ते जिन्यामुळे. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या सत्तावन्न. (पुष्कळजण चोपन्न म्हणतात. ते रस्त्यावरच्या तीन धरत नाहीत.) तुमच्या बहिणीचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात हे मला ठाऊक होतं. कुरकुरतात एवढंच ठाऊक होतं. तळमजल्यावर कुठेतरी जाऊ या, असं ती म्हणाली, मी हो म्हणालो, आणि इथवर सगळं सुरळीत होतं. मग ती म्हणाली, एजंट बघू या. इथे मी अडलो. बावीस वर्षं मी ज्या घरात राहिलो, त्या घराचं दार उघडून "या, बसा" म्हणायला परका माणूस कशाला? आणि त्याला त्याचे वर पैसे?

तरी तिच्या शब्दाखातर एकाला बोलावलं. सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात दोन फोन, आणि बूट न काढता आत. त्याने पाच मिनिटांत घर पाहिलं, फोनवर जाहिरात लिहिली आणि मला वाचायला दिली. "प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेडाचे, शांत परिसरातील स्वप्नवत घर." दादा, मी छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. चुकीचा शब्द दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे जातो. मी म्हटलं, प्रशस्त काढा, कारण आतल्या खोलीत कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागतं. शांत काढा, समोर पत्र्याचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. भरपूर उजेड सकाळी अकरापर्यंतच, तसं लिहा. स्वप्नवत या शब्दाचा इथे अर्थ काय, हे त्यालाच विचारलं. त्याने दोन्ही फोन खिशात घातले आणि "काका, तुम्हाला घर विकायचंय की परीक्षेचा पेपर काढायचाय?" असं विचारून तो गेला. तुमची बहीण त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली. मला वाटलं, माझ्या वतीने माफी मागायला गेली असेल.

मग जाहिरात मी स्वतः लिहिली. "तिसरा मजला. पायऱ्या सत्तावन्न. दोन खोल्या व स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी एकोणीस वर्षांपासून पूर्ण लागत नाही. डोक्यावर पाण्याची टाकी. समोर कारखाना. इच्छुकांनी चार ते सहा या वेळात यावे." आकडे सोडले तर एकही विशेषण नाही. (मला आजही ती जाहिरात आवडते.) आणि आश्चर्य असं, की माणसं आली! एवढं खरं कोण लिहितो ते बघायला आली असतील. चार आठवड्यांत चाळीसच्या वर. मी प्रत्येकाला दारातच थांबवून दोषांची यादी ऐकवायचो, म्हणजे पुढे कुणी फसवलं म्हणायला नको. मग पुराव्यादाखल खिडकी ओढून दाखवायचो. फटीत मी वर्षानुवर्षं जुन्या मुद्रितांची घडी कोंबत आलो आहे, तीही काढून दाखवायचो. माणसं मान डोलवायची, चहा प्यायची आणि जायची. तुमची बहीण त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जायची आणि यायला फार वेळ लावायची. मी म्हणायचो, गुडघे.

पहिला धक्का मला बसला तो एका बुधवारी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथे व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी आमचं घर पाहिलं होतं, आणि शेजारी तक्रार करतील का, असं विचारलं होतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ चमचा पडला तरी वर येतात. बाईंनी मला ओळखलं आणि हसून म्हणाल्या, "काका, आता आपण शेजारी. मागच्या इमारतीत पहिला मजला घेतला मी. वर ते आजोबा राहतात ना, अजिबात ऐकू न येणारे, त्यांच्या बरोब्बर खाली. तुमच्या मिसेसनी काय अचूक घर शोधून दिलं हो!"

माझ्या हातातली साखरेची पिशवी तशीच राहिली. मी म्हटलं, कुणी शोधून दिलं? त्या म्हणाल्या, "एजंट बाईंनी."

दादा, तुमची बहीण पस्तीस वर्षं इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसली. समोरचा माणूस "पोटात दुखतं" म्हणाला तरी त्याचं खरं दुखणं पाठीत आहे हे तिला त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं, असं तिथले डॉक्टर सांगत. मी ते कौतुक म्हणून ऐकायचो आणि विसरून जायचो. आता बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, की जिन्यात उभी राहून ती चार आठवडे केसपेपर काढत होती! रातपाळीचा एक बस ड्रायव्हर आमच्याकडून कारखान्याचा आवाज ऐकून पळाला. त्याला हिने दिवसभर सगळे कामावर जातात अशा इमारतीत घर मिळवून दिलं. जुळ्या पोरांचं एक जोडपं आलं होतं, पोरं चोवीस तास उड्या मारणारी. त्यांना हिने बंद गोदामाच्या वरचा मजला दाखवला, पोरांना वाट्टेल तेवढ्या उड्या मारू द्या म्हणून. तीन घरं दादा, तीन! मी बैठकीत दोषांची यादी वाचत असताना ही बाहेर पायऱ्यांवर घरं विकत होती. तिच्याकडे वेगळी वही होती, वेगळा फोन नंबर होता, आणि (हे वाचताना तुम्ही खुर्ची धरा) सोनेरी चष्मेवाल्याशी तिची भागीदारी होती. त्या दिवशी ती त्याच्यामागे माफी मागायला गेली नव्हती.

घरी येऊन मी साखर ओट्यावर ठेवली. पिशवीची गाठ दोनदा सोडून दोनदा बांधली. शेवटी म्हटलं, "तू एजंट आहेस?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन महिने झाले."

"लोकांची तीन घरं विकलीस, मग आपलं का नाही विकलं गेलं?"

"आपल्या घरात तुम्ही असता ना," ती म्हणाली.

दादा, बेचाळीस वर्षांच्या संसारात मला कुणी एवढं थोडक्यात उत्तर दिलेलं नाही. मी गॅलरीत जाऊन कारखान्याकडे बघत उभा राहिलो. संध्याकाळी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. आमचं घर ती विकून देणार, त्याबद्दल इतर कुणाला लागते तेवढीच दलाली मी तिला देणार, आणि मंगळवारी व शुक्रवारी चार ते सहा मी घरात असायचं नाही. मी म्हटलं, नवऱ्याकडून दलाली? ती म्हणाली, फुकट काम केलं की माणसं सल्ला ऐकत नाहीत. मी कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, तिने निमूट दुरुस्त केल्या, आणि मग मला सही करण्यावाचून काही सबबच उरली नाही.

वाचनालयात मी रोज सकाळी जायचोच, आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळीही तिथे बसू लागलो. वर्तमानपत्र समोर धरायचो, पण डोक्यात एकच. ही लोकांना काय सांगत असेल? प्रशस्त म्हणत असेल का? टाकीची गुरगुर लपवत असेल का? उद्या कुणी दारात येऊन "काका, फसवलंत" म्हणालं, तर मी काय तोंड दाखवू? शेवटी एका शुक्रवारी मी ठरवलं, की चोरून ऐकायचं. (हो, चोरून. तुमच्यापासून काय लपवू.) खिशात कागद घेतला, लाल पेन्सिलीला टोक काढलं, आणि साडेचारला चपला हातात घेऊन जिना चढलो. ती खोटं बोलेल तो प्रत्येक शब्द मी टिपून घेणार होतो. दार अर्धवट उघडं होतं. मी त्याच्याआड कठड्याला टेकून उभा राहिलो.

आत एक तरुण सुतार आणि त्याची बायको आली होती. तुमची बहीण सांगत होती, "पहाटे पाच वाजता टाकी भरते, वरून गुरगुर ऐकू येते. आम्हाला कधी गजर लावावा लागला नाही. समोरचा कारखाना सहाला बंद होतो, त्याआधी फोनवर बोलायचं तर आतल्या खोलीत यायचं. ही खिडकी लागत नाही. हे फटीत कागद कोंबतात, दर पावसाळ्यात नवा. कागद कोंबला की दोन्ही हातांनी दाबून बघतात, आणि मग मला हाक मारून दाखवतात." एकही दोष तिने सोडला नाही दादा. माझ्या यादीत नसलेला एकसुद्धा सांगितला. आमच्या न्हाणीघराची कडी मला बावीस वर्षांत कळली नव्हती, ती आतून दोनदा ढकलावी लागते म्हणे. माझा कागद कोराच राहिला.

मग त्या सुताराच्या बायकोने विचारलं, "मावशी, एवढी वर्षं राहिलात, मग आता सोडता कशाला?"

"जिना," तुमची बहीण म्हणाली. "वर चढते गं कशीबशी. उतरताना मात्र उलटी उतरते, कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडे करून, लहान मूल उतरतं तशी. वर्ष झालं. हे सकाळी वाचनालयात गेले की मी उतरते आणि हे यायच्या आत वर येते. यांना माहीत नाही. मध्ये एकदा दुसऱ्या मजल्यावर पाऊण तास बसून होते, उठवेना."

"अहो, मग त्यांना सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर पहिला जो येईल त्याला मिळेल त्या किमतीत घर देऊन मोकळे झाले असते. आणि मग जन्मभर मनातल्या मनात त्या व्यवहाराच्या चुका काढत बसले असते. मला दोन्ही नको होतं."

दादा, मी अनेक धक्के लिहिले, पण ते सगळे शब्दांचे होते. हा मात्र पायऱ्यांचा निघाला. मी चपला हातात धरून तिथेच पायरीवर बसलो. बत्तीस वर्षं मी छापील पानावर एक काना निसटू दिला नाही, आणि माझ्या घरात एक माणूस वर्षभर उलटं जिना उतरत होतं ते मला दिसलं नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी आतून रंध्याचा आवाज आला म्हणून उठलो. (सुतार हत्यारांची पिशवी घेऊनच फिरत होता.) आत गेलो तर त्याने खिडकीची कड जरा तासली होती आणि खिडकी लागली होती. पूर्ण. बारीकसा टक् आवाज करून. एकोणीस वर्षांचं ते दुखणं त्याने दहा मिनिटांत संपवलं! माझ्या घडीचा कागद त्याने नीट उलगडून ओट्यावर ठेवला होता.

मला बघून तुमच्या बहिणीचा चेहरा उतरला. ती शुक्रवारची चार ते सहाची वेळ होती, आणि मी घरात होतो. सुतार अदबीने म्हणाला, "काका, मावशींनी सगळं सांगितलं. तुमच्या मते आणखी काही दोष?"

मी म्हटलं, "नाही."

तुमची बहीण उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. चार महिन्यांत तिला बसलेला हा पहिलाच धक्का, आणि तो मी दिला, एवढंच माझं समाधान.

घर त्यांनाच दिलं. सुताराची बायको शाळेत खेळ शिकवते. तिला सत्तावन्न पायऱ्या ऐकून आनंद झाला, असले लोक असतात जगात. किंमत मी धरली होती त्याहून बरी आली. दलाली मी रोख दिली, तिने पावती दिली. आणि तळमजल्यावरचं घर, हो, तेही तिनेच आधी हेरून ठेवलं होतं. मागच्या गल्लीत, एक उंबरठा आणि तीन खोल्या. गेल्या आठवड्यापासून रंगारी कामाला आहे, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सामान हलवू. आता जिना उतरताना मी तिच्यापुढे एक पायरी खाली उलटा चालतो, म्हणजे आम्ही दोघंही उलटे उतरतो, तोंडं दोघांचीही पायऱ्यांकडे. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दार उघडून बघतात.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एजंट धरावा की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. एजंट घरातलाच निघाला तर धरलेला बरा, एवढं म्हणतो. तब्येत जपावी. खोकल्याचं कळवावं.

तुमचा,
(अजून नीट न सावरलेला) मेहुणा

ता. क. हे पत्र खरं तर एका कामासाठी लिहायला घेतलं आणि तेच राहिलं. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला ठरली आहे. ती तुम्हाला "काही नाही रे, किरकोळ आहे" म्हणून कळवेल. किरकोळ नाही. मला चहापलीकडे काही करता येत नाही आणि मी घाबरलो आहे. पंधरा दिवस येऊन राहा. हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. तिला कळलं. मी पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात तिने पत्र वाचून काढलं. (एका ठिकाणी तिने चष्मा काढला, कुठे ते मला दिसलं नाही.) मग म्हणाली, पंधराच दिवस कशाला? दादा, नव्या घरात दोन माणसांना तीन खोल्या कशाला, हे मी कधी विचारलंच नाही. तिसरी माझ्या पुस्तकांची असं मी धरून चाललो होतो, मनात फळ्यासुद्धा ठोकल्या होत्या. ती म्हणते, ती खोली दादाची. बेत पहिल्या दिवसापासूनचा आहे. न तुम्हाला विचारलं, न मला. रंगाऱ्याला मात्र विचारलं. भिंती फिकट हिरव्या होताहेत. मी पुन्हा खाली बसलो आहे.

ता. क. तिसरा. तुम्ही नाही म्हणणार, हे ती धरूनच आहे. माझा सल्ला, वेळ घालवू नका. पुस्तकांचं मी बघेन, पलंगाखाली पुष्कळ जागा असते. तुमच्या घराला तिने गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे, निवृत्त दाईबाई आहेत, येत्या मंगळवारी तुमचं घर बघायला येतील. तेव्हा उलट टपाली घराची किल्ली पाठवावी. मागाहून सवडीने तुम्ही यावं.